न बोलायच्या अक्षरांना गेरू

माझ्यासारख्यानं लिहायला बसावं, हे धाडसच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. नांदेडच्या कॉलेजात फुकट वसतिगृह मिळावं म्हणून माझी परभणीला मुलाखत होती. इंग्रजी उतारा मोठ्यानं वाचायचा. जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर आमच्या गावच्या, चारठाण्याच्या माळावर बाबांमागं मेंढरं.

माझी शाळा उर्दूत झालेली. इंग्रजी मी अक्षर न् अक्षर उच्चारत शिकलो होतो. सुरीच्या इंग्रजी शब्दात आधी 'के' लिहितात पण म्हणत नाहीत, हे शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं तेव्हा मुलाखतीला आठच दिवस उरले होते. त्यांनी स्वतःचं पुस्तक दिलं, अशी मुकी अक्षरं दाखवली. माझ्या काही ध्यानात राहीनात. शेवटी घरातला गेरू कालवला आणि त्यात बुडवलेलं बोट त्या एकेका अक्षरावर टेकवलं.

मुलाखतीला मास्तर सोबत आले. समोर तीन साहेब बसलेले; मधल्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन उघडलं.

"हे काय? पुस्तक कुणाचं?"

"माझं," मास्तर हळूच म्हणाले. गेरूचे ठिपके पडलेली ती पानं त्यांनी पहिल्यांदा तेव्हाच पाहिली.

"साहेब, जी मेंढरं विकायची न्हाईत त्यांना आमी गेरू लावतो," मी म्हणालो. "ही अक्षरं बी बाहेर काढायची न्हाईत."

कडेचे साहेब हसले. "मेंढरं वळतोस का शिकतोस रे?"

"दोनी, साहेब."

मधले हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं, दुसरं पुढं सरकवलं. "आता हे वाच."

यात कुठंच गेरूचा ठिपका नव्हता. दोन ओळी कशाबशा गेल्या. तिसरीत एक लांबलचक शब्द आला आणि मी त्यावर बोट ठेवून थांबलो.

"थांबलास का?"

"यातलं मुकं कोणतं, ठाऊक न्हाई साहेब."

"अंदाजानं म्हण."

मला म्हणवेना.

"जा," ते म्हणाले.

घरी परतलो तेव्हा बाबांनी मेंढरांमागची काठी हातात दिली. पंधरा दिवस गेले. एके दिवशी ऊन कलताना मास्तर स्वतःच माळ तुडवत आले, धापा टाकत.

"कागद आलाय. जागा मिळाली तुला. मधल्या साहेबांनी खाली लिहिलंय, पोरगा ठाऊक नसलेलं ठाऊक आहे म्हणत नाही. पण उद्या दुपारपर्यंत नांदेडला हजर व्हायचंय, नाही तर दुसऱ्याला देणार."

मी मेंढरं घराकडं वळवली, काठी बाबांच्या हातात परत दिली आणि रात्रीच निघालो.