प्रश्न काय होता?

“थांबा. प्रश्न काय होता?”

असं म्हणून ते रिमोट दाबायचे आणि पडद्यावर अमेरिकेचा अध्यक्ष व्हायला निघालेला गृहस्थ आ वासून थिजायचा. मग लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या त्यांच्या हॉलमध्ये बसलेल्या आम्हा बारा मराठी माणसांची परीक्षा सुरू. प्रश्न कोणालाच आठवत नसे. उमेदवारालाही आठवत नसावा, पण त्याला निदान मतं मिळायची. आम्हाला मिळायची ती चष्म्यावरून टाकलेली नजर.

तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो, माघारी परीक्षक. माणूस मूळचा नागपूरचा, नोकरी क्रॉयडनला. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि त्या तीन तासांत जगभरच्या निवडणुकांचा अभ्यास. मी समोरच्या घरात राहते. डोंबिवलीची आहे, त्यामुळे आयते तर्री पोहे सोडणं रक्तात नाही. राजकारणात रस असल्याचं नाटक मी त्या पोह्यांसाठीच करायचे, आता कबूल करायला हरकत नाही.

अमेरिकेत डिबेट रंगायची तेव्हा आपण इथे घोरत असतो. म्हणून काका ती रेकॉर्ड करून रविवारी सकाळी दाखवत. अट एकच, तोवर बातम्या बघायच्या नाहीत. आम्ही सगळेच बघायचो आणि रविवारी धक्का बसल्याचा अभिनय करायचो. उमेदवारांपेक्षा बरा करायचो.

प्रत्येकाच्या हातात कागद असे. उत्तर दिलं का, विषय टाळला का, समोरच्याला बोलू दिलं का, असे रकाने. दहापैकी गुण. एकदा मी एकाच्या टायला सात दिले, तर काका म्हणाले, “अगं बाई, आपण नवरामुलगा बघायला आलोय का?” तुम्हीच सांगा, टाय सोडून त्या दीड तासात बघण्यासारखं दुसरं होतं काय?

काकू स्वयंपाकघरात असायच्या. बारा जणांची तर्री काय आपोआप होते? त्यांना कागद द्यावा असं काकांना कधी सुचलं नाही. आम्हालाही नाही, खोटं कशाला बोलू.

कोणीतरी नवखा दर वेळी विचारायचा, “पण काका, आपल्या मार्कांना विचारतो कोण?” तेव्हा मात्र काकांचा आवाज उतरायचा. “नागपूरच्या यादीतून नाव गेलं. इथे आपण भारतीय पासपोर्टवाले, म्हणजे पाहुणे. मत कुठेच नाही रे. मग मार्क तरी देऊ.” कॉलेजात असताना त्यांनी एकदाच मतदान केलं होतं. शाई जाऊ नये म्हणून चार दिवस ते बोट वर धरून आंघोळ केली होती, असं सांगायचे. हे सांगताना हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मग इथली निवडणूक लागली. इथल्या पुढाऱ्यांची डिबेट टीव्हीवर झाली, आणि रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे गुण द्यायला बसलो. एक पुढारी हॉस्पिटलच्या प्रश्नाला आपल्या बालपणाचं उत्तर देत होता. काकांनी त्याला थिजवलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात छातीला पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल लावलेली एक पोरगी, हातात मतदारांची यादी. काका इंग्रजीत म्हणाले, “या घरात मतदार नाहीत, माफ करा.”

“या पत्त्यावर एक आहेत,” ती म्हणाली आणि तिने काकूंचं नाव वाचलं. उच्चाराची पार वाट लावली, पण नाव काकूंचंच होतं.

हात पुसत काकू बाहेर आल्या. “हो, मीच ती.”

मंडळी, हॉलमध्ये बारा जण हातात गुणपत्रिका धरून बसले होते, आणि मत होतं ते फोडणी देणाऱ्या बाईकडे! पडद्यावरच्या पुढाऱ्याचं आणि काकांचं तोंड एकाच मापाचं उघडं होतं.

ती पोरगी गेल्यावर काकूंनी शांतपणे सांगितलं. काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, मतदार नोंदणीचा पहिला फॉर्म आला होता, त्यावर काकांनी ठसठशीत लिहिलं होतं, ‘इंडियन. नॉट एलिजिबल.’ पुढच्या वर्षीपासून हुकूम निघाला, असले कागद टाकून दे. काकूंना वाचल्याशिवाय काही टाकायची सवय नाही. कागदावर लिहिलं होतं, इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे हे काकूंना शाळेपासून ठाऊक होतं. त्यांनी आपलं नाव घातलं, आणि गेली कित्येक वर्षं त्या मत देत होत्या.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगायला आले होते. तुम्ही डिबेट बघत होतात. ‘थांब’ म्हणालात. मी थांबले. नंतर तुम्ही विचारलं नाहीत.”

मग मीच चोंबडेपणा केला. “काकू, मग मत कोणाला देता?”

“जो दारात येऊन गेला आणि जाताना फाटक लावून गेला, त्याला. बहुतेक सगळे उघडं टाकून जातात.”

मी मनात त्यांना दहापैकी दहा दिले.

त्या आठवड्यात काका आम्हा सगळ्यांच्या घरी गेले. हातात काउन्सिलचा कागद. “मी तुम्हाला चुकीचं उत्तर शिकवलं. माझे गुण कापा, पण आजच्या आज नाव घाला.” माझ्या दारात आले तेव्हा मी म्हटलं, “काय काका, फेरपरीक्षा?” ते हसले नाहीत. “अगं, मी दुसऱ्यांच्या चुका मोजत बसलो,” एवढंच म्हणाले. जीभ आवरायला हवी होती मी. अजून लाज वाटते.

मतदानाला आम्ही तिघं गेलो. प्लॅस्टिकच्या पिशवीत काकांचा भारतीय पासपोर्ट. शाळेच्या हॉलमधल्या त्या लाकडी आडोशामागे ते इतका वेळ उभे राहिले की टेबलामागची बाई दोनदा खाकरली. बाहेर आले आणि उजेडात बोट उलटंपालटं करून बघितलं.

“शाई नाही लावत इथे,” काकू म्हणाल्या. “कोणाला दिलंत?”

“गुप्त असतं,” काका म्हणाले. आणि घराशी पोचल्यावर आम्हाला पुढे घालून स्वतः मागे वळले, फाटकाची कडी नीट लावली.

पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. हार्ट. इथलं एकच मत देऊन गेले.

परवा काकूंनी हाक मारली म्हणून मी गेले. टेबलावर काउन्सिलचा यंदाचा फॉर्म होता. त्यावर काका-काकू दोघांची नावं छापलेली. इथे राहत नसेल त्याच्या नावावर काट मारा, अशी सूचना. “तू मार,” काकू म्हणाल्या. मी पेन उचललं. माझ्याच्याने होईना, रडू फुटलं.

त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं, पट्टी लावून सरळ रेघ मारली. मग शेजारी मराठीत, ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘एलिजिबल होते.’