पहिला पेला पिणारा मुतशर

नासिरिया शहराच्या दक्षिणेला, दलदलीच्या कडेच्या बोरूच्या पाहुणघरात मुतशर तेहेतीस वर्षं कॉफी वाढत होता. वाढणाऱ्यानं पहिला पेला स्वतः प्यायचा, मग पाहुण्याला द्यायचा. कॉफीत विष नाही याची ही हमी. या हमीवर दोन टोळ्यांमधली सात भांडणं मिटली. आठवं मिटवताना एक गोळी मुतशरच्या पोटात शिरली. ती त्याच्यासाठी नव्हती, असं नंतर सगळ्यांनी आवर्जून सांगितलं.

शहरातल्या इस्पितळात पोट उघडून शिवलं. आतले टाके उसवले, आतड्याला भोक पडलं आणि जे खाली जायचं ते बेंबीशेजारून बाहेर येऊ लागलं. आता पुन्हा सुरी लावली तर माणूस टेबलावरच जाईल, असं डॉक्टर लमियाबाईंनी त्याच्या बायकोला, सादूनच्या आईला म्हणजे उम्म सादूनला, स्पष्ट सांगितलं. त्यांनी यंत्राच्या पडद्यावर बघत बघत कातडीतून एक बारीक नळी पू साचला होता तिथवर सरकवली आणि टोकाला पिशवी लावली. घाण निघून गेली की भोक बहुधा आपणहून मिटतं. अट एकच, तोंडानं पाण्याचा थेंबही नाही. पोषण सगळं शिरेतून.

बारा दिवसांत पिशवीतलं माप निम्म्यावर आलं. मग पाहुणे यायला लागले.

दलदलीकडून येणारा माणूस कॉफीचा थर्मास घेऊनच येई, आणि मुतशरसमोर दुसऱ्या कुणी कॉफी वाढायची म्हणजे त्याला जिवंतपणी पुरणं. तो उशीला टेकून पेले भरी, पहिला स्वतः पिई. उम्म सादूननं एकदा त्याचा हात धरला.

"मी न पिता पेला पुढे केला, तर तो माणूस काय समजेल?"

"तुम्ही आजारी आहात असं समजेल."

"मला ओळखतेस तरी कधीपासून?" मुतशर म्हणाला आणि प्यायला.

दिवसाला आठ-दहा जथे येत. विसाव्या दिवशी पिशवी तट्ट भरली होती, आणि आतलं पाणी काळपट तपकिरी. आत शिळं रक्त साचलं असलं की असाच रंग येतो. काही खाल्लं-प्यायलंस का, असं लमियाबाईंनी विचारलं. तो नाही म्हणाला. त्याच्या लेखी ते खरंच होतं. कॉफी हे पिणं नव्हे, काम. बाईंनी नाइलाजानं ऑपरेशनची तयारी सांगितली आणि अंगठ्यासाठी कागद उम्म सादूनपुढे ठेवला.

शाई लावलेला अंगठा तिनं बराच वेळ हवेत धरला.

"डॉक्टरीणबाई, ते रक्त नाही. कॉफी आहे."

लमियाबाईंनी पिशवीचं तोंड उघडून वास घेतला. त्या घाणीतही वेलदोडा कळत होता.

"कुणी दिली?"

"सगळ्यांनी."

ऑपरेशन टळलं. दारावर ‘कॉफी आणू नये’ अशी पाटी लागली, पण पाटी ही नेहमी दुसऱ्यासाठीच असते. तेव्हा उम्म सादून स्वतः दारात बसली आणि येणाऱ्याला हळू आवाजात सांगू लागली, की रोग लागणीचा आहे, पेल्यातून पसरतो. दोन दिवसांत व्हरांडा ओस पडला. नवऱ्याला तिनं सांगितलं, की दलदलीकडचा रस्ता बंद आहे.

सात आठवड्यांनी भोक मिटलं. नळी निघाली, मुतशर जेवू लागला आणि घरी आला.

पहिल्याच शुक्रवारी तो चुलीपाशी बसला. पहिला पेला प्यायला, दुसरा भरून समोरच्या म्हाताऱ्या पाहुण्याला दिला. पाहुण्यानं तो न पिता चटईवर ठेवला. असा ठेवला म्हणजे काही मागणं असतं, आणि ते पुरवल्याशिवाय कॉफी प्यायची नसते. मुतशर खुलला.

"मागा, दिलं समजा. आधी प्या."

म्हाताऱ्यानं पेला बोटानं थोडा लांब सारला. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाला वाढू दे, अबू सादून."

दिलेला शब्द फिरवायचा नसतो. मुतशर उठला.