गळकी पुस्तकं

"कुठल्या पानावर?"

पुस्तक परत करायला गेलं की काका एवढंच विचारायचे. आवडलं का, समजलं का, यातलं काही नाही. कानावरचं पेन काढायचं, पुस्तकाचा मागचा पुठ्ठा उघडायचा आणि आपल्या तोंडाकडं बघत थांबायचं. आपण मान खाली घालून पानाचा आकडा सांगायचा. मग तिथं आपलं नाव आणि तो आकडा लिहिला जायचा. "रडलो नाही काका," म्हटलं की पुस्तक परत आपल्याच हातात. "मंग तू वाचलंच न्हाई."

चाकणच्या एका कंपनीत ते लीक टेस्टिंगला होते. तुमच्यापैकी ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲल्युमिनियमचा ओतलेला भाग घ्यायचा, त्याची सगळी भोकं बंद करायची, आत हवा भरायची आणि पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडा आला की भाग गळका. त्याला लाल ठिपका द्यायचा आणि लाल पेटीत टाकायचा. लाल पेटीतलं परत येत नाही, वितळायला जातं. काकांचं निम्मं आयुष्य त्या पाण्यात बघण्यात गेलं होतं. माणसाकडंही ते तसंच बघायचे, न बोलता, वाट बघत.

मी तिथं कंत्राटी म्हणून लागलो. गाव हिंगोलीकडं. शिक्षण सातवी. आठवीत नाव घातलं आणि दुसऱ्या महिन्यात काढलं. रोज गेटवर कार्ड लावताना वाटायचं, आज मशीन आपल्याला आत घेतं का नाही. अजूनही वाटतं.

पहिल्याच आठवड्यात ऑडिट होतं. सुपरवायझर म्हणाले, "टेस्टिंगच्या कोपऱ्यातलं ते कपाट मोकळं कर." कपाटात पुस्तकं निघाली, वीस-बावीस तरी असतील. प्रत्येकाच्या पाठीवर लाल ठिपके. कुणावर एक, कुणावर पाच-सहा. मला आठवडाभर एकच गोष्ट शिकवली होती, लाल म्हणजे रिजेक्ट. मी सगळी पुस्तकं उचलली, लाल पेटीत टाकली आणि काम नीट झालं म्हणून मनातल्या मनात खूश झालो.

काका चहा पिऊन आले. त्यांनी कपाट बघितलं, पेटी बघितली, मग मला बघितलं. पेटी न्यायला फोर्कलिफ्ट येऊन उभीच होती. मी घाबरून म्हणालो, "काका, ठिपका होता म्हणून..." मला वाटलं, संपलं, आजच बॅग भरायची.

काका पेटीत वाकले आणि एकेक पुस्तक काढून शर्टाला पुसायला लागले. पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते ते.

"पोरानं बराबर केलं," ते फोर्कलिफ्टवाल्याला म्हणाले. "लाल म्हंजे लाल. चूक आमची हाय." मग माझ्याकडं वळले. "वाचता येतं का रं?"

"सातवी झालोय."

"त्ये न्हाई इचारलं."

"येतं. पण लई हळू."

"हळूच पायजे. घाईत बुडबुडा दिसत न्हाई." आणि एक पातळसं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं. "ह्ये गळकं हाय. जपून."

जे पुस्तक वाचून माणूस रडतो ते गळकं. एक माणूस रडला की एक ठिपका. असा त्यांचा हिशोब होता. सगळी कंपनी त्यांची चेष्टा करायची आणि सगळी कंपनी पुस्तकं न्यायची. फोर्कलिफ्टवाला दांडगा गडी होता. पुस्तक परत देताना त्याचे डोळे लाल होते.

"कुठल्या पानावर?"

"रडलो नाही काका. डोळ्यात मशीनचं कूलंट गेलं."

"फोर्कलिफ्टवर कूलंट कुठनं आलं राव?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "एकशे तीस."

कॅन्टीनमधल्या एका ताईंनी नववं पान सांगितलं तेव्हा मात्र काका चक्रावले. "आवं, नवव्या पानावर अजून काय झालंच न्हाई!" ताई म्हणाल्या, "पुढं काय होणार ते कळलं ना पण." काकांनी डोकं खाजवत नऊ लिहिलं.

मला माझं पातळ पुस्तक वाचायला दोन महिने लागले. तळवड्याच्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो. रडायला जागा कुठं? गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसलो. पुस्तकात एका पोरीला शाळेतून काढतात आणि ती पाटी परत द्यायला जाते, असं होतं. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "एकसष्ट." काकांनी पान उघडून वाचलं. काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून डबा उघडला की मला हाक मारायला लागले. परक्या गावात आपल्याला कुणीतरी नावानं हाक मारतं, याचं काय मोल असतं ते घर सोडलेल्यालाच कळतं.

एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला दिघीला घरी बोलावलं. मिलिटरीच्या भिंतीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर हार घातलेला काकूंचा फोटो. मी नमस्कार केला. काका म्हणाले, "पुस्तकं हिची हायेत. मला कुठला आलाय नाद!"

मग त्यांनी तपकिरी कव्हर घातलेलं एक पुस्तक आणलं. त्याच्या पाठीवर लाल ठिपके दाटीनं बसलेले.

"फस्ट शिफ्टवरनं आलो व्हतो. ही गॅसपाशी बसून मुसमुसत व्हती, हातात ह्ये. मी म्हणालो, खोट्या गोष्टीला काय रडायचं? वाढ. तिनं डोळं पुसलं आन वाढलं." त्यांनी फोटोकडं बघितलं. "पुढं आजारी पडली. तीन महिनं हातरुणात व्हती. तवाबी इचारलं न्हाई, का रडली व्हतीस म्हणून. सुचलंच न्हाई बघ."

मी ठिपक्यांकडं बघत राहिलो.

"मी धा वेळा वाचलं ह्ये. माझ्यात बुडबुडाच येत न्हाई. म्हणून तुमाला देतो. तुमी कुठं रडता ते बघतो. त्यातलं एखादं पान तिचं आसंल. ते घावलं तर तिला काय खुपत व्हतं ते कळंल."

तेव्हा मला त्या आकड्यांचा अर्थ लागला. आम्हाला वाटायचं काका आमचं रडणं मोजतात.

रिटायर झाले त्याच वर्षी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. काका म्हणाले, "बाहेर आला तर चालंल का?" डॉक्टर हसले, पण मला हसू आलं नाही. वाचायला बंदी होती, म्हणून दर गुरुवारी मी जायचो आणि ते तपकिरी पुस्तक वाचून दाखवायचो.

गोष्ट एका कासारणीची होती. गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायची. नुसता हात हातात घेतला की बाई सुखात आहे की नाही ते तिला कळायचं. पुढं तिची लेक माहेरी येते आणि लेकीच्या हाताला नेहमीचं माप सैल होतं. आमच्यातले बहुतेक सगळे तिथं रडले होते, पान एकशे बारा.

मी जोडाक्षरांना अडखळत, बोट ठेवून वाचायचो. काका हिरवी पट्टी लावून आडवे पडलेले. चौऱ्याऐंशीव्या पानावर आलो. हा आकडा मागच्या पुठ्ठ्यावर कुणाच्याच नावापुढं नव्हता. त्या पानावर काही घडतही नाही. कासारीण दिवसभर हिंडून घरी येते, पेटी खाली ठेवते. नवरा दोरी वळत बसलेला असतो. तो मान वर करतो आणि विचारतो, "दमलीस का?" एवढंच. पुढच्या ओळीत दुसरा दिवस उगवतो.

"थांब," काका म्हणाले. "परत वाच."

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. अक्षर अक्षर लावून परत वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचलं आणि वर बघितलं, तर हिरव्या पट्टीखालून पाणी येत होतं. डोळा जाईल, आणि तो माझ्यामुळं जाईल! "काका, डॉक्टरांनी सांगितलंय, काका, डोळा..." मी कापूस शोधायला धावलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आसू दे रं." बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही. मग म्हणाले, "तिचं पान कुठलं व्हतं ते आता कळायचं न्हाई. जाऊ दे. मी उगा पान हुडकत बसलो. तिला इचारायचं व्हतं ते ह्ये व्हतं. एवढंच व्हतं."

डोळ्याला काही झालं नाही. पुढचे सहा-सात महिने त्यांना चांगलं दिसत होतं.

ते गेले तेव्हा मी गावाकडं होतो. सकाळी फोर्कलिफ्टवाल्याचा फोन आला. "भावा, काका गेले. झोपेतच गेले." निघालो असतो तरी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. मी फोन खाली ठेवला आणि ओट्यावर बसून राहिलो. आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"कोण गेलं रे?"

"कामावरचे एक जण."

"आपल्यातले होते?"

"नाही."

"मंग कोण लागत होते तुझे?"

मी शब्द शोधला. साहेब म्हणावं तर ते साहेब नव्हते. नात्यातले नव्हते, जातीतले नव्हते, गावचे नव्हते. तोंड उघडलं आणि रडायलाच आलं.

आईनं हातातलं पीठ परातीत झाडलं, पदराला हात पुसले आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "सांग," म्हणाली.

मी अगदी सुरुवातीपासून, लाल पेटीपासून सांगायला लागलो. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला. आई उठली नाही.