कुताइसीतला उपास

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या देऊळघाटच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंचे आहेत. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि ती त्यांच्यामुळे मिळाली.

दुसरीत असताना झेंडावंदनाचा पेढा खाऊन माझे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. आईला वाटलं, नजर लागली.

"नजर नाही ओ बाई, दुधानं होते त्याले," काकू म्हणाल्या. शाळेत दुधाच्या पावडरीचं दूध दिलं की माझं तोंड सुजतं, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. गुरुजींच्या मोटारसायकलवर मला मध्ये धरून त्यांनीच बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दूध, दही, तूप, काहीही नको. एखाद्या वेळी गळा बंद होईल. आई मला शाळेतूनच काढणार होती. काकू म्हणाल्या, "याच्या ताटाची जिम्मेदारी माह्यावर."

घरात माळ, त्यामुळे मांस-अंडं नव्हतंच. असं सगळं टाळून जेवणाऱ्या माणसाला वीगन म्हणतात, हे मला अकोल्याला कॉलेजात कळलं.

कृषी पदवीनंतर जॉर्जिया देशातल्या कुताइसी शहरात तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. द्राक्षवेल आणि फळझाडांची छाटणी शिकायची होती. तिकीट आणि राहण्याची सोय त्यांची, जेवण ज्याचं त्यानं. वीगन पाटी लावलेलं एक हॉटेल होतं, पण दारावरच्या यादीतले भाव वाचूनच मी परतलो. बाकी गावभर चीज. रोटीत चीज, वांग्यावर चीज, बेकरीवाल्याच्या हाताला चीज. एक भट्टी फक्त साधी रोटी भाजायची. ती रोटी, काकडी, अक्रोड आणि घरून आणलेला चिवडा, एवढ्यावर मी राहू लागलो. चौथ्या दिवशी चिवडा संपला.

आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहत होतो. खोलीत माझ्यासोबत अकोल्याचाच एक जण होता. बाई रोज संध्याकाळी राजम्याचं सारण भरलेली जाड, गरम रोटी आमच्यापुढे ठेवायच्या, छातीवर क्रूसाची खूण करायच्या आणि स्वतःही तीच खायच्या. त्यांचे ईस्टरआधीचे उपास चालू होते.

"खाय ना बे," मित्र म्हणायचा. "काकड्या खाऊन खाऊन बकरी झाला तू."

"उपासाचं हाय ते. दह्यातुपाशिवाय उपास असते का?"

त्याला हे पटायचं. त्याच्या घरीही एकादशीला साबुदाणा तुपातच परतत, भगरीवर दही घेत. आमच्या घरी उपासाचा दिवस हाच माझ्यासाठी सगळ्यात धोक्याचा. त्या दिवशी मी भाकर घेऊन ओसरीवर बसायचो. इथे तर अख्खं घर महिनाभर उपास करत होतं. मला त्या स्वयंपाकघराच्या वाऱ्याचीही भीती वाटू लागली. सुजेवरच्या गोळ्या मी झोपतानाही खिशातून बाहेर काढेना. गळ्यात उगीच खाज आली तरी आरशासमोर जाऊन जीभ पाहायचो. या देशात दवाखान्यात न्यावं लागलं तर कोण नेईल, भाषा कोण बोलेल, हेच डोक्यात.

सहाव्या दिवशी शिडीवर छाटणी करताना डोळ्यांपुढे अंधार आला. खाली आलो ते मित्राच्या अंगावरच. शिकवणारे म्हणाले, तब्येत झेपत नसेल तर परतीचं तिकीट लवकरचं करून देऊ. खाल्लं तर गळा, न खाल्लं तर प्रशिक्षण, दोन्हीकडून धास्ती.

बाईंना मित्रानं मोबाईलवर भाषांतर करून माझा आजार सांगितला. त्यांनी वाचलं आणि त्या मोठ्यानं काहीतरी बोलल्या. मोबाईलवर मराठी उमटलं: "आमच्या उपवासात दूध, लोणी, चीज, अंडी, मांस काहीच चालत नाही."

माझा विश्वास बसेना. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. पीठ, पाणी, मीठ, तेल, उकडलेला राजमा, सगळं माझ्यासमोर. तव्यावर आधी लोणी लागलं असेल तर? मी घाबरत तव्याकडे बोट केलं. त्यांनी न रागावता तो दोनदा घासला.

नखाएवढा तुकडा मी ओठाला लावून थांबलो. मग जिभेवर. बाई समोर बसल्या होत्या, मांडीवर हात घट्ट धरून, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं. अर्ध्या तासानं मी अख्खी रोटी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या नातीच्या मोबाईलवर काकूंसाठी पत्र टाकलं.

काकू,

नमस्कार. फोनवर मी तुमाले रोज "जेवलो" म्हणत होतो, ते खोटं होतं. पाच-सहा दिवस भेवानं धड काही खाल्लं नाही. इथल्या उपासात दूधतूप नसते, हे मले माहीतच नव्हतं. काल जेवलो. काही झालं नाही.

मी जेवत होतो तवा घरधनीण बुढी मले पाहत बसली होती. तिचं तोंड पाहून माह्या ध्यानात आलं. शाळेत मी खिचडी खायचो तवा तुमी हातातलं काम टाकून माह्याकडे पाहत राहायच्या. मले वाटे, अजून वाढावं का, म्हणून पाहता. तुमी भेत होत्या ना, काकू? रोज? आन कधी बोलल्या नाही.

मले भेव अजून हाय. आजही बुढी तवा घासतांनी मी बाजूले उभा होतो. पण छाटणी पुरी शिकूनच येतो.

हे नातीकडून वाचून घ्या, आईसमोर नको. खालून हाक येऊन राह्यली, जेवायले जातो.

तुमचंच लेकरू