पहिल्या भागावर जाऊ नका

भाच्याचा फोन आला तेव्हा मी नेहाच्या रुखवताचे डबे पुसत होते. "मामी, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचा सख्खा मुलगाही त्यांना अक्काच म्हणायचा, धुळ्यातलं सगळं देवपूरही तसंच म्हणायचं. हृदयाचं दुखणं जुनं होतं, झोपेतच गेल्या. डबा हातात तसाच राहिला... मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते दोंडाईचा. माझ्या मुलीचं लग्न तिकडच्या घरात ठरलेलं, तारीख तीन आठवड्यांवर, आणि दोन महिन्यांपूर्वी हेच लग्न अक्कांच्या पायी मोडता मोडता राहिलेलं. आता तर आमच्याच घरी मौत झाली होती. विहीणबाईंना आयतं निमित्त मिळालं, असं मला वाटलं.

अक्कांना कोरियाच्या मालिकांचं वेड होतं. वेड तरी किती, तर उन्हाळ्यात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ घाटायला बायका जमल्या की चुलीपासून दोन हात लांब पाटावर मोबाईल उभा असायचा आणि त्यातली कोरियन सासू हिंदीत सुनेला झापत असायची. स्वतः बघून गप्प बसतील तर त्या अक्का कसल्या! नवीन माणूस दिसलं की त्याला एखादी मालिका चिकटवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. पण वाट्टेल ती नाही. स्थळ सुचवावं तशी माणूस बघून मालिका सुचवायच्या. फैजपूरला केळीच्या मळ्यात राहणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीला त्यांनी राजामहाराजांची दिली, कारण तिला भरजरी कपडे आवडतात. सून माहेरी निघून गेलेल्या एका शेजारणीला नुसती खाण्यापिण्याची, हलकीफुलकी दिली, वर "रडकी तू अजून सहा महिने पाहू नको" असा दमही भरला. सगळं जग जिचं कौतुक करतं ती पहिल्यांदा कधीच द्यायची नाही, हा त्यांचा नियम. आणि दुसरा नियम त्या सगळ्यांना ऐकवायच्या, "पहिला भाग देखीसन कोनी नाव ठेवानं नई. चार भाग देख, मंग बोल." मी मात्र या नादाला लागले नाही. दोन-दोन तास दुसऱ्यांच्या घरातली भांडणं कशाला बघायची, स्वतःच्या घरात कमी आहेत का, असं मी म्हणायचे. त्यावर अक्का हसायच्या, "मंगल, तुन्ही बी येळ ई," तुझीही वेळ येईल म्हणायच्या.

साखरपुड्यात आमच्या विहीणबाई अक्कांच्या शेजारी बसल्या आणि तिथंच घोटाळा झाला. विहीणबाई करारी, कमी बोलणाऱ्या. नवरा गेल्यावर दोंडाईच्याचं धान्याचं दुकान एकटीनं चालवलेल्या. मी त्यांच्यासमोर पदर सावरूनच बसायचे. त्यांनी सहज विचारलं, तुम्ही दिवसभर काय बघता हो? झालं. अक्कांनी तिथल्या तिथे त्यांच्या फोनवर एक मालिका लावून दिली. आता त्या मालिकेच्या पहिल्याच भागात काय, तर नवरीमुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी लग्न मोडते आणि होणाऱ्या सासूला भर बैठकीत सुनावते, तुमच्या घरात मला श्वास घेता येणार नाही. विहीणबाईंनी हे एकटीनं नाही, घरातल्या चार बायकांना बोलावून पाहिलं! तुम्ही आमच्या भागातले नसाल तर म्हणाल, त्यात काय एवढं? पण आमच्याकडे सोयरिकीत नकार तोंडावर कोणी देत नाही. पत्रिका जुळत नाही म्हणतात, आजीची तब्येत पुढे करतात, तिसऱ्याच्या तोंडून निरोप जातो. त्यामुळे त्या घरानं सरळ अर्थ काढला की मुलीकडच्यांना लग्न नको आहे आणि ते त्यांनी नवरीच्या आत्याकडून असं मालिकेच्या आडून कळवलं. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मध्यस्थ नाना घाबरून आमच्याकडे आले, "वहिनी, तुमची पोरगी दुसरीकडे गुंतली आहे का? तिकडे तर तसंच बोलताहेत."

नेहा जेवेना. ह्यांनी बहिणीला एक शब्द विचारला नाही, पण मी फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. माझ्या मुलीचा संसार तुम्ही कोरियावरून ओवाळून टाकला, म्हटलं. अक्का सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्या भागात तीच सासू तिच्या बाजूनं उभी राहते गं. विहीणबाईंना अशी स्वतःसाठी बोलणारी बाई दाखवायची होती मला. दुकानात त्यांनीही कमी सोसलं का?" आणि दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली असताना, त्या एसटीनं दोंडाईच्याला निघाल्या. भाच्यानं रात्रीच कळवलं, तशी मी पहाटे जळगावहून धुळ्याला जाऊन त्यांना स्टँडवर गाठलं. म्हटलं, एकटीला कशी सोडू? रस्ताभर त्यांचा हात छातीशी होता आणि मी रागानं खिडकीबाहेर बघत होते. तिथं पोचलो तर विहीणबाईंनी "या"सुद्धा म्हटलं नाही. अक्का तशाच त्यांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेल्या, दार लागलं. मी बाहेर. पुढ्यात चहा आला, त्यावर साय धरली. आतून बोलण्याचा आवाज येईना, मग टीव्हीचा यायला लागला. पुष्कळ वेळानं दार उघडलं. विहीणबाईंचे डोळे लाल होते. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तारीख काढा." येताना मी हजारदा विचारलं, काय बोललात? अक्का म्हणाल्या, "काई नई. तिसरा भाग लाई दिधा."

आणि दोन महिन्यांनी अक्का गेल्या. शास्त्रानं आम्हाला त्यांचं सुतक तीनच दिवसांचं, पण लोकांचं शास्त्र वेगळं असतं. सख्खी आत्या गेली, वर्षभर थांबा, असं दोघातिघांनी मला अक्कांच्या ओट्यावरच ऐकवलं. वर्षभर थांबलेली सोयरीक किती टिकते हे मला माहीत होतं. पाचव्या दिवशी दारात गाडी थांबली आणि विहीणबाई उतरल्या. लग्नघरचं माणूस लग्नाआधी मौतीच्या घरी पाऊल टाकत नाही. आली, म्हणजे मोडायलाच आली... बायका बाजूला सरकल्या. विहीणबाईंनी फोटोला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "आत चला."

अक्कांच्या खोलीत पलंगावर बसून त्यांनी सरळ विचारलं, "तारीख पुढे ढकलायचं कोणी म्हटलं का तुम्हाला?" मी मान खाली घातली. म्हटलं, लोक म्हणताहेत. तशी इतके दिवस माझ्याशी पुस्तकासारखं बोलणारी ती बाई एकदम घरच्या बोलीवर आली. "लोकेस्नं सोडा, ताई. अक्कास्नी माले तवयच सांगं व्हतं, त्या दिन, खोलीमा. 'डॉक्टरनी हात टेकेल शेत, मी लगीनलोंग र्‍हासू का नई माहीत नई, पन मन्ही भाचीनी तारीख हालाले नको.' मी त्यास्ले शबद देयेल शे."

म्हणजे अक्का त्या दिवशी मालिकेची माफी मागायला गेल्याच नव्हत्या. स्वतःचं मरण त्यांनी माझ्या विहिणीला सांगितलं, मला नाही, भावाला नाही, पोटच्या मुलालाही नाही. आणि मी एसटीत शेजारी बसून तोंड फिरवून होते... तेव्हा पहिल्यांदा मी रडले, मोठ्यानं रडले. विहीणबाईंनी मला रडू दिलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या टीव्हीवर गेली. त्यावर भाच्यानं टॉवेल टाकला होता. तेरावं होईपर्यंत टीव्ही लावत नाहीत.

"हाऊ काब्र झाकी ठेयेल शे?" त्यांनी विचारलं.

"सुतक आहे ना."

"त्यास्ना घरमा बरं नई दिखत," असं म्हणून त्या उठल्या, टॉवेल काढून घडी घातला आणि टीव्ही लावला. खोलीत कोणीतरी कोरियन मुलगी हिंदीत खळखळून हसली. बाहेरच्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. कोणीतरी "अगं बाई!" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी डोळे पुसले, उठले, दाराला आतून कडी घातली आणि विहीणबाईंच्या शेजारी येऊन बसले.