चौकशीबाईची भाची

वस्तीत तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते आता पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. एखादी बाळंतीण किंवा तान्हं मूल डॉक्टरने पाहायच्या आत घरातच दगावलं, की काही आठवड्यांनी ही त्या घरी जायची आणि काय काय झालं ते विचारायची. ताप होता का, रक्त किती गेलं, बाळ रडलं होतं का. तिने आणलेली हकीगत दोन डॉक्टर वेगवेगळे बसून वाचत आणि मरणाचं कारण ठरवत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, एवढाच त्यातला हेतू. पण ज्याला ठेच लागली त्याच्याच घरी जाऊन 'कशी लागली' म्हणून विचारणाऱ्या बाईला या-बसा कोण म्हणणार?

कामाचे नियम कडक. आधी घरच्यांना त्यांच्या शब्दांत सगळं सांगू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. कारण सांगायचं नाही, दोष द्यायचा नाही, रडायचं तर मुळीच नाही. एखादी सासू हात धरून विचारायची, माझंच काही चुकलं का हो? तेव्हाही हिच्या तोंडाला कुलूप. मग संध्याकाळी आपल्या खोलीत येऊन दिवा न लावता बसून राहायची. सांगणार कुणाला? नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. शेजारणी भल्या होत्या, पण त्यांच्यातल्या कुणाला दिवस गेले, की ती हिला जिन्यात बघून दार ओढून घ्यायची. पांढऱ्या पायाची असं तोंडावर म्हणत नसत, तेवढा सभ्यपणा होता. नुसतं दार ओढून घेत.

आपलं म्हणावं असं तिला एकच माणूस होतं, धाकट्या बहिणीची मुलगी. ही भाची लहानपणी अर्धीअधिक मावशीच्याच मांडीवर वाढलेली. तिला दिवस गेले, ती आईकडे राहायला आली आणि बहिणीने हळूच सांगितलं, की बाळंतपण होईस्तोवर तू घरी येऊ नकोस, मनात नको नको ते येतं. चौकशीबाईला ते लागलं, फार लागलं. पण तिचं तरी काय चुकलं, अशी स्वतःचीच समजूत घालून ती फोनवर भागवू लागली. दुपारी आईने जरा पाठ टेकली, की भाची फोन करायची.

शेवटचा महिना लागला होता. बोलता बोलता भाची म्हणाली, दोन दिवस डोकं ठणकतंय, उन्हामुळे असेल. मावशीने विचारलं, डोळ्यांपुढे अंधारी येते का? येते मधूनमधून. तोंडावर सूज? आई म्हणते अंग धरलंय. बरगडीखाली दुखतं? हो, तेही दुखत होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने हिची जीभ आपली पुढच्या प्रश्नावर गेली, "आणि दवाखान्यात न्यायला उशीर कशामुळे झाला?"

"मावशी," भाची म्हणाली, "हे तू मेलेल्या बायकांबद्दल विचारतेस ना?"

ते ऐकून जाग्या झालेल्या बहिणीने फोन हिसकावून घेतला. माझी पोर धडधाकट आहे, तुझी चौकशी माझ्या घरात नको, म्हणाली आणि फोन बंद केला. मग कितीदा लावला तरी कुणी उचलेना.

चौकशीबाई खोलीत फेऱ्या घालत राहिली. आपण गेलो आणि काहीच निघालं नाही, तर ते एकुलतं एक दार कायमचं बंद होणार. पण ही गोष्ट तिने किती घरांत ऐकली होती! डोकं दुखायचं, उन्हाचं नाव निघायचं, बाई दुखणं अंगावर काढायची. पुढे काय व्हायचं ते तिला तोंडपाठ होतं. तिने चपला घातल्या आणि मिळेल ती गाडी पकडली.

बहीण दारातच आडवी उभी राहिली. आरडाओरडा करायचं चौकशीबाईच्या स्वभावात नव्हतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हिला आत्ताच्या आत्ता ने. नाहीतर महिन्याभराने मला तुझ्याकडे यावं लागेल. कामावर."

बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मोठ्या बहिणीला वाट्टेल ते बोलून घेतलं, पण बोलत बोलतच चपला शोधल्या.

दवाखान्यात नर्सने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि धावतच डॉक्टरांना बोलावून आणलं. लगेच ऑपरेशन ठरलं. घरचे सगळे वर गेले. चौकशीबाईला कुणी चल म्हणालं नाही, तशी ती खालच्या बाकावर बसली. लोक येत-जात होते.

दिवेलागणीला बहीण जिना उतरून आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, म्हणाली. चौकशीबाईचा जीव भांड्यात पडला. ती उठली, जिन्याकडे वळली; पण बहीण पायरीवरून बाजूला झाली नाही.

"तू होतीस म्हणून वाचली. कळतं मला," बहीण म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "पण तू दारात उभी राहून जे बोललीस ना, ते माझ्या कानातून जात नाही. बाळाजवळ तुला बघवणार नाही मला. थोडे दिवस येऊ नकोस."

चौकशीबाई बरं म्हणाली. घरोघरी शंभर प्रश्न विचारणारी ती बाई, पण बाळ कुणावर गेलंय, एवढंसुद्धा न विचारता ती बाहेर पडली.