पिवळा झेंडा आणि काकांची हाक

वरसेला काकांच्या घरी राहून मी रोह्याचं कॉलेज केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो काकूच्या हातचं खाऊन. म्हणून त्या दिवशी त्यांच्या मुलाकडे पाठ करून उभं राहणं मला जड गेलं.

खांबजवळ भात कापून झालेल्या शेतांत मोटारसायकलींची हौशी शर्यत होती. बांध फोडून वाट केलेली. त्या वर्षी तिथे वाल पेरला नव्हता. कंपनीतल्या एका सहकाऱ्याने मला झेंडे दाखवायच्या कामाला नेलं. माझी जागा पेंढ्याच्या उडवीपाशी, वळणावर. उडवीमुळे पलीकडचं येणाऱ्याला दिसत नसे. पुढे कोणी पडला की पिवळा झेंडा हलवायचा आणि तोंड येणाऱ्या गाड्यांकडेच ठेवायचं, असं शिकवलेलं. पडलेल्याला उचलायला वेगळी माणसं होती.

शर्यतीत उतरलेला चुलतभाऊ माझ्यासमोरून वळला आणि पाठीमागे धाडकन आवाज झाला. मी झेंडा हलवायला लागलो. आमच्याकडे कोणी पडलं की बघणारा जागेवर थांबत नाही. बघ्यांसाठी बांधलेली दोरी ओलांडून माणसं धावली, सगळ्यांत पुढे काका.

"अरे, पाठ काय करून उभा हायस? भाऊ पडलाय तुझा!"

"काका, दोरीमागं व्हा! गाड्या येतायत!"

"टाक ते फडकं आधी!"

"ग्रॅज्युएट हाय तो, हात मळतील त्याचे," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

भावाचा आवाज येत नव्हता. वळून बघावंसं फार वाटलं. तेवढ्यात गाड्या आल्या, एकमेकींना चिकटून. पहिल्याने झेंडा पाहून हात वर केला आणि वेग कमी केला, मग मागचेही हळू झाले. पलीकडे वाटेच्या मधोमध काका भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि गाड्या त्यांच्या कडेने सावकाश गेल्या, हे मला सहकाऱ्याने नंतर सांगितलं.

झेंडा उतरवायची खूण झाल्यावर मी वळलो. भाऊ खांदा धरून शिव्या देत होता. त्या ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी वरसेला जेवायला बसलो. काकांनी ताट पुढे ओढलं. मग गुडघ्याशेजारी हात टेकून काकूला म्हणाले, "चाक हे असं, इथनं गेलं." माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "त्याला बिरडं वाढ गो अजून."

"वाढते की," काकू म्हणाली. "पण जेवताना तरी आमच्याकडं तोंड कर रे बाबा."